कागदावरची गाडी

पूल किती भार सोसेल हे ठरवायचं तर इंजिनिअर एक गाडी गृहीत धरतात. ती गाडी एका छापील तक्त्यात असते. तिला चाकं किती, कुठल्या चाकांवर किती वजन, मागची गाडी तिच्यापासून किती लांब, हे सगळं तक्त्यात ठरवून दिलेलं. ती कागदावरच पुलावरून चालवायची, तुळईत येणारा ताण काढायचा आणि त्या हिशेबानं लोखंड घालायचं. माझ्या पिढीचे सगळे इंजिनिअर हेच शिकले आणि आम्ही पुढं हेच शिकवत राहिलो.

बनसोडे मॅडम मात्र पहिल्याच तासाला फळ्यावर ती गाडी काढायच्या आणि वर्गाकडं वळून विचारायच्या, "ही कुणी बघितलीय?"

पोरं हसायची.

"हसताय काय? मार्केट यार्डात बघितलीय? मिरजेच्या रस्त्याला? कुणाच्या दारात उभी आहे?"

"मॅडम, ती धरून चालायची असते," एखादा हुशार मुलगा सांगायचा.

"धरून चालायची. बरं. धरली कुणी? आणि आपल्या पुलांवरून जे जातं ते मोजलं कुणी?"

याचं उत्तर वर्गात कुणाकडं नसायचं. खरं सांगायचं तर आमच्या अख्ख्या विभागात नव्हतं. पण ज्यांच्याकडं असायला हवं होतं, ज्यांना त्यासाठीच खुर्ची आणि जीप दिलेली होती, त्यांच्याकडंही ते नव्हतं, आणि नसल्याची त्यांना लाजही नव्हती. हे मला पुढं कळलं, आणि इतकी वर्षं झाली तरी ते आठवलं की माझं डोकं तापतं.

सांगलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही दोघं होतो. त्या रचनाशास्त्र शिकवायच्या, मी सर्वेक्षण. टेबलं शेजारी शेजारी. उंचीनं बेताच्या, कडक इस्त्रीची सुती साडी आणि पायात कॅनव्हासचे बूट. साडीवर बूट घालणाऱ्या कॉलेजात त्या एकट्याच. कुणी टोकलं तर म्हणायच्या, "चपला घालून परातीवर चढून दाखवा, मग बोलू." परात म्हणजे बांधकामावर चढायची बांबूची परांची, हा त्यांचा आष्ट्याकडचा शब्द. पर्समध्ये भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा कायम. रस्त्याच्या कडेला भरलेला ट्रक दिसला की लुना थांबवायच्या, पदर खोचायच्या आणि वाकून मागच्या चाकापाशी बघायच्या. ट्रकच्या पोटाखाली धनुष्यासारखे वाकवलेले लोखंडी पाटे असतात. भार जास्त झाला की ते सरळ होतात, त्याहून झाला की उलटे वळतात. मॅडम उठून हात झटकायच्या आणि मला सांगायच्या, "उलटलेत." ड्रायव्हर आधी घाबरायचे, तपासणीची माणसं आली असं त्यांना वाटायचं. मग मॅडम त्यांनाच शेंगदाणे देऊन विचारायच्या, माल कुठून आणला, कुठं चाललाय, वाटेत पूल कुठले लागतात.

त्यांच्या रागाची एक गंमत होती. माणूस चिडला की अहोवरून अरेवर येतो. मॅडमचं उलटं होतं. विद्यार्थ्याला त्या एरवी 'तू' म्हणत. चिडल्या की 'तुम्ही'. आणि 'आपण' म्हणाल्या की समजायचं, आता याचं काही खरं नाही. "आपण हे उत्तर कुठून आणलंत?" असं त्या शांतपणे विचारायच्या, तेव्हा मागच्या बाकावरची पोरंसुद्धा पाय जवळ घ्यायची.

त्या आष्ट्याच्या, बौद्ध कुटुंबातल्या. वडील सैन्यात होते, पूल टाकणाऱ्या तुकडीत. सुट्टीवर आले की ते मुलीला सांगायचे, की सैन्यात प्रत्येक पुलाला एक आकडा असतो आणि प्रत्येक गाडीला एक. गाडीचा आकडा पुलाच्या आकड्याहून मोठा असेल तर आत कोण बसलंय हे कुणी बघत नाही, गाडी अलीकडंच थांबते. "मला लहानपणी वाटायचं, सगळीकडं असंच असतं," मॅडम एकदा म्हणाल्या. "मग मी इंजिनिअर झाले."

आमच्या विभागप्रमुखांना त्या आवडत नसत. एकदा चहाच्या वेळी, त्या समोर बसलेल्या असताना, ते दुसऱ्या कुणाला तरी म्हणाले, "बनसोडे मॅडमचं सिलेक्शन कसं झालं ते आपल्याला माहीतच आहे." बाकीचे कपात बघत बसले. मॅडमनी कप खाली ठेवला. "सर, आपल्याला माझी गुणपत्रिका बघायची आहे का? उद्या आणते. आपणही आपली आणा, शेजारी ठेवून बघू." दुसऱ्या दिवशी त्यांनी खरोखर आणली आणि टेबलावर दिवसभर ठेवली. सरांना त्या दिवशी बाहेर बरीच कामं निघाली.

तो पूल आमच्या वाट्याला आला तो एका लग्नामुळं. आमच्या एका विद्यार्थ्याचं लग्न नदीपलीकडच्या वाडीत होतं. दिवाळी होऊन गेलेली, ऊसतोडीचा हंगाम जोरात. कॉलेजच्या जीपमधून आम्ही पाच-सहा जण निघालो. नदीवर स्वातंत्र्यानंतर लगेच बांधलेला, काँक्रीटच्या तुळयांचा अरुंद पूल होता. पूल ओलांडला की डावीकडं वाडी आणि सरळ पुढं साखर कारखाना. आम्ही पुलाशी पोचलो आणि जीप थांबली. पुढं उसाचे ट्रक उभे होते, एकाला एक चिकटून, कारखान्याच्या फाटकापासून मागं पार पुलाच्या या टोकापर्यंत. एका बाजूची अख्खी रांग भरलेली. रिकामे होऊन परत येणारे ट्रक दुसऱ्या बाजूनं वाट काढत होते, आणि ते येऊन गेले की त्याच बाजूनं आमची जीप हळूहळू सरकणार होती.

"रोज असंच असतं काय हो?" मॅडमनी जवळच्या एका ट्रकच्या ड्रायव्हरला विचारलं.

"तर वो. कारखान्यात नंबर लागंपतोर हितंच," तो म्हणाला. "कवा कवा रात काढतो आमी हितं. केबिनमदीच झोपायचं."

"पुलावर?"

"मंग कुठं?"

मॅडम जीपमधून उतरल्या. पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्या चालत गेल्या, प्रत्येक ट्रकचे पाटे बघत. मग कठड्यावरून वाकून खाली बघितलं. आम्ही लग्नाला पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. परत येताना मला म्हणाल्या, "सर, त्या तक्त्यात दोन गाड्यांच्या मध्ये मोकळी जागा सोडलीय. कारण गाड्या चालत असतात, चालत्या गाड्या एकमेकींना चिकटत नाहीत. इथं त्या चालतच नाहीत. आणि एकेक गाडी केवढी भरलीय ते बघितलंत? ज्यांनी हा पूल आखला त्यांच्या स्वप्नातही ही रांग नव्हती. तुळया सगळा हंगाम, सगळी रात्र हे पेलताहेत. आणि वर माणसं झोपलीत."

दुसऱ्याच आठवड्यात त्या कारखान्यावर गेल्या. ट्रकचं वजन तिथल्या काट्यावर होतंच. मॅडमना त्याहून थोडं जास्त हवं होतं. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग सगळी गाडी, म्हणजे कुठल्या चाकांवर किती भार ते निघालं असतं. अध्यक्षांनी चहा पाजला, "शिक्षणासाठी काय लागंल ते घ्या" म्हणाले, परवानगी दिली. पहिला दिवस छान गेला. दुसऱ्या दिवशी काट्यावरच्या माणसानं त्यांना आत घेतलं नाही.

झालं असं होतं, की एक बाई ट्रकची वजनं घेतेय ही बातमी भागात पसरली. काट्यात खोट आहे असा शेतकऱ्यांचा संशय जुनाच. काही जण मॅडमकडं आले, "तुमी लिवून द्या, काटा मारतोय म्हणून." मॅडमनी सांगितलं, मला तुमच्या उसाचं वजन नकोय, पुलावरचं हवंय. शेतकऱ्यांना ते पटलं नाही आणि कारखान्याला तर मुळीच पटलं नाही. अध्यक्ष आता भेटायलाच तयार नव्हते. चिटणीस बाहेर येऊन म्हणाला, "मॅडम, यात राजकारण आहे. तुम्ही चांगल्या घरच्या बाई, कशाला पडता?"

"आपण मला पुलाबद्दल काही विचारणार आहात का?" मॅडम म्हणाल्या. तो आत निघून गेला.

मला वाटलं, संपलं. मॅडम लुनावर बसताना म्हणाल्या, "काटा बंद केला त्यांनी. पूल तर बंद नाही ना केला?"

त्यांच्या डोक्यात होतं ते असं. तुळईवर भार आला की ती किंचित वाकते, डोळ्याला दिसणार नाही इतकी. ते वाकणं मोजलं की भार कळतो. म्हणजे पूल स्वतःच काटा. हंगामात नदीचं पाणी एका कडेला जातं आणि खांबांच्या मधल्या दोन-तीन गाळ्यांखालचं पात्र कोरडं पडतं. तिथं तुळयांच्या मध्यावर मॅडमनी बांबूची परात बांधून घेतली आणि प्रयोगशाळेतली सुईची घड्याळं तिच्यावर पक्की केली. घड्याळाचा दांडा तुळईला टेकलेला. तुळई केसभर वाकली तरी सुई फिरणार. आधी सांगलीच्या काट्यावर तोललेला वाळूचा एक ट्रक आणला, तो पुलावर इथं तिथं उभा केला आणि सुई किती फिरते ते लिहून घेतलं. एवढ्या वजनाला सुई एवढी. मग जो ट्रक येईल त्याचं वजन सुईनंच सांगायचं. मी माझ्या दुर्बिणीनं परात हलत नाही ना, एवढं बघत होतो.

त्या हिवाळ्यात मॅडमनी सुट्ट्या, रविवार सगळे त्या परातीवर काढले. बूट, खोचलेला पदर, डोक्याला रुमाल. वरून ट्रक गेला की खाली काँक्रीटची पूड पडायची, ती त्या पुसायच्या आणि आकडा सांगायच्या. एकेकटे ट्रक जायचे तेव्हा सुई फिरायची आणि परत जागेवर यायची. रांग लागली की फिरायची ती परत येतच नसे. सगळ्यात वाईट होती ती रांगेच्या बाजूची तुळई, कारण भरलेले ट्रक सगळे एकाच बाजूनं जातात. तिच्या पोटाला भेगा होत्या आणि रांग लागल्यावर त्या उघडलेल्या आम्ही डोळ्यांनी पाहिल्या.

अहवाल लिहून त्या बांधकाम खात्याच्या साताऱ्याच्या मोठ्या ऑफिसात गेल्या. मी सोबत होतो. तिथल्या साहेबांनी पानं उलटली, शेवटाकडून पुढं. मग म्हणाले, "मॅडम, तुमची मेहनत दिसते. पण यात तुम्ही धरलेले ट्रक ओव्हरलोड आहेत."

"मी धरलेले नाहीत, सर. मोजलेले आहेत."

"तेच. ओव्हरलोडला कायद्यानं बंदी आहे. त्यामुळं असे ट्रक आम्हाला विचारात घेता येत नाहीत. विचारात घेतले तर आम्ही बेकायदा वाहतूक मान्य केल्यासारखं होईल."

"म्हणजे आपल्या मते ते ट्रक पुलावर नाहीतच?"

"कागदावर नाहीत."

"सर, पुलाला कायदा वाचता येत नाही. तो वाकतोय. आपण एकदा येऊन बघावं."

साहेबांनी घंटी वाजवली, शिपायाला आमच्यासाठी चहा सांगितला आणि मीटिंगला निघून गेले. चहा आलाच नाही. मॅडमनी अहवालात सगळं स्वच्छ लिहिलं होतं: पूल पाडायची गरज नाही, भेगा बुजवून तुळयांना आधार द्या, आणि तोवर एवढंच करा, की रांग पुलावर उभी राहू देऊ नका. नंबर पुलाच्या अलीकडं द्या. याला पैसा लागत नव्हता. एक माणूस आणि एक खुर्ची लागत होती.

खात्यानं काय केलं? महिन्याभरात पुलाच्या दोन्ही टोकांना पाट्या लावल्या. 'पूल कमकुवत. जड वाहनांस बंदी.' पाटी लावली की खात्याची जबाबदारी संपली. उद्या काही झालं तर पाटी होती. ट्रक अडवायला माणूस ठेवला नाही, त्यामुळं ट्रक पाटीला घासून जातच राहिले. पण खात्यानं आणखी एक केलं. बसच्या आगाराला पत्र पाठवलं. एसटी म्हणजे सरकारी गाडी, तिनं पत्र पाळलं. वाडीची फेरी बंद झाली. पुलावरून उसाची रांग चालू, आणि माणसांची एकुलती एक बस बंद! हे ज्यानं लिहिलं त्याला रात्री झोप कशी लागली असेल, हे मला आजही कळलेलं नाही.

एका सकाळी वाडीचे दहा-पंधरा लोक थेट आमच्या विभागात आले. पुढं एक बाई होती, सखूबाई नावाची. तिची मुलगी आष्ट्याच्या शाळेत शिकत होती.

"कुठली ती पुलाची बाई?" तिनं दारातूनच विचारलं.

मॅडम उभ्या राहिल्या.

"आवं, तुमी काय केलासा ह्ये? आमी तुमाला च्या पाजला, परातीला बांबू दिलं. आन तुमी आमची गाडी बंद केलीसा? माजी पोर आता कशी जायाची शाळंला? चालत? त्या ट्रकांच्या मदनं?"

"मी गाडी बंद करा असं लिहिलं नाही हो."

"मंग कुनी लिवलं? तुमच्याच कागदावरनं झालंया म्हनं."

विभागप्रमुख दारात येऊन हसत उभे होते. मला वाटलं, आता त्या 'आपण' म्हणतील. त्या म्हणाल्या, "व्हय सखूबाई. माज्या कागदावरनंच झालं. बसा. ही गाडी मी चालू करून दिल्याबिगार ऱ्हात न्हाई." आष्ट्याची भाषा इतकी उघड त्या कॉलेजात कधी बोलल्या नव्हत्या.

बसच्या आगारातल्या साहेबांनाही ती फेरी बंद करायची नव्हती. मॅडमनी त्यांच्याकडून एका दुपारपुरती बस मागून घेतली. मग साताऱ्याला तीन खेपा घातल्या. साहेब भेटेनात तेव्हा त्यांच्या दाराबाहेरच्या बाकावर शेंगदाणे खात बसून राहिल्या. शेवटी साहेब कंटाळून यायला तयार झाले.

त्या दुपारी पुलाखाली परातीशी साहेब, त्यांचे दोन उपअभियंते, मी आणि सुईची घड्याळं. मॅडमनी बसमध्ये भरायला वाळूची पोती आणवली होती, माणसांच्या वजनाइतकी. पोती चढवायला सुरुवात झाली तेवढ्यात सखूबाई पुढं झाली.

"पोत्यास्नी कशाला बसवताय? आमी हाय की."

"प्रयोग आहे हा, लोकांना बसवून चालणार नाही," वरून कुणी साहेबांचा माणूस ओरडला.

"आमी रोज बसत हुतो तवा चालत हुतं, आन आज न्हाई व्हय?" बायका चढल्यासुद्धा. मॅडमनी एकदा बसकडं बघितलं. वरून मला ओरडून सांगितलं, "सर, सुई तुम्ही वाचा," आणि त्याही जाऊन बसल्या.

बस पुलावर आली, आमच्या गाळ्याच्या मधोमध थांबली. सुई थोडी फिरली. मी आकडा मोठ्यानं सांगितला. बस गेली, सुई जागेवर आली.

मग हणमंत पुजारीचा ट्रक आला. हणमंत जतकडचा ड्रायव्हर, लग्नाच्या दिवशी "मंग कुठं?" म्हणालेला तोच. सारा हिवाळा मॅडमना बघून बघून त्यांच्या ओळखीचा झाला होता. त्याचा एकटा भरलेला ट्रक येऊन थांबला आणि सुई बसच्या कितीतरी पुढं गेली. मग त्याच्यामागं दुसरा चिकटून उभा राहिला, मग तिसरा. साहेबांच्या खांद्यावर काँक्रीटची पूड पडली. त्यांनी ती झटकली आणि परातीपासून दोन पावलं मागं झाले.

मॅडम धावत खाली आल्या. "सर, बस कुठली आणि रांग कुठली, हे आपल्याला सुईवरून ओळखता येईल ना? आपण बंद केली ती बस."

साहेब म्हणाले, "ट्रक अडवायचा अधिकार आमच्याकडं नाही, मॅडम. बसला पत्र देणं आमच्या हातात होतं."

"म्हणून ते दिलंत."

"म्हणून दिलं."

एवढं प्रांजळ उत्तर मी सरकारी माणसाकडून पुन्हा ऐकलं नाही. आणि इतकं चीड आणणारंही.

तेवढ्यात हणमंत ट्रक पुढं लावून खाली आला. "बाई, मला बी बगू द्या की काय चाललंय." मॅडमनी त्याला परातीवर चढवलं. वर दुसऱ्यांचे ट्रक उभेच होते. तो सुईकडं बघत राहिला. मग त्यानं वर तुळईकडं बघितलं, भेगेत बोटाचं नख घालून बघितलं. आणखी एक ट्रक वर येऊन चिकटला तसं त्यानं बोट चटकन मागं घेतलं.

"ह्येच्यावर आमी झोपतोय व्हय?" तो म्हणाला.

नखातली पूड झटकून तो परातीवरून उतरला.

तो वर गेला. थोड्या वेळानं वरून आरडाओरडा ऐकू आला. हणमंत एकेका केबिनवर हात आपटत चालला होता, "गड्यांनो, पुलावरनं म्होरं काडा रं! हितं कुनी थांबायचं न्हाई! जागा असंल तरच पुलावर घालायची गाडी!" त्यानं पुलाच्या अलीकडच्या टोकाला दगड मांडले आणि एक फांदी आडवी टाकली. पुढं जागा झाली की फांदी उचलायची, एक गाडी सोडायची. पहिल्या दिवशी भांडणं झाली, कारण रांगेत फट पडली की दुसऱ्या वाटेनं येणारा मध्ये घुसतो आणि नंबर जातो. पण जो भांडायला आला त्याला हणमंतानं खाली नेऊन सुई दाखवली. दोन-तीन दिवसांनी ड्रायव्हरांनी ठरवलं, कारखान्यानं नंबर पुलाच्या अलीकडं दिला नाही तर गाड्याच पुढं न्यायच्या नाहीत. गाळप थांबायची पाळी आली तेव्हा अध्यक्षांना तो एक माणूस आणि ती एक खुर्ची सापडली. वाडीची बस पंधरवड्यानं सुरू झाली. मॅडमनी पहिल्या फेरीला जाऊन सखूबाईच्या घरी जेवण केलं. मलाही ओढून नेलं. सखूबाईनं त्यांना वाढताना एवढंच म्हटलं, "लय तापट हाय तुमी, बाई." मॅडम म्हणाल्या, "तुमी कमी हाय व्हय?" आणि दोघी हसल्या.

इथं गोष्ट संपली असती तर मीही शांत झालो असतो. पण कारखान्याच्या वार्षिक सभेत 'वाहतुकीचं दूरदृष्टीनं केलेलं नियोजन' म्हणून अध्यक्षांचा सत्कार झाला. बस पुन्हा सुरू करण्याच्या पत्रात 'खात्याच्या तपासणीअंती' असं लिहिलं होतं. मॅडमचं नाव कुठंच नाही. त्यांनी आपली सगळी मोजमापं तक्ते ठरवणाऱ्या वरच्या मंडळींकडं पाठवली, की बाबांनो, इथं काय जातं ते बघा आणि तुमच्या गाडीशी ताडून बघा. दोन ओळींचं उत्तर आलं, सूचनेची नोंद घेतली आहे. आणि आमचे विभागप्रमुख निवृत्त झाले तेव्हा त्यांची खुर्ची मॅडमहून बऱ्याच नवख्या माणसाला मिळाली. कारण दिलं, मॅडम बाहेरच्या कामात रमतात.

"रमते," मॅडम मला म्हणाल्या. "पुलाखाली रमण्यासारखं काय असतं ते आपण येऊन बघावं." मी त्यांना काही केलं नव्हतं, पण त्या दिवशी 'आपण' माझ्याही वाट्याला आलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या डब्यात माझ्यासाठी वेगळी भाकरी होती.

पुढच्या वर्षी त्या कॉलेज सोडून साताऱ्याला एका तंत्रनिकेतनात शिकवायला गेल्या. निरोप समारंभाला त्या आल्या नाहीत. हणमंत आणि वाडीचे चौघे जण मात्र ट्रक घेऊन सामान हलवायला आले होते.

त्यांना शेवटचं पाहिलं ते साताऱ्यातच, आणखी काही वर्षांनी. परीक्षेच्या कामासाठी मी गेलो होतो आणि स्टँडकडं चालत निघालो होतो. त्या मोठ्या ऑफिसच्या आवारात झाडाखाली खात्याची एक जीप उभी होती, महिनाभर न धुतलेली. मॅडम जीपच्या बॉनेटवरच्या धुळीत बोटानं एका पुलाच्या तुळया काढत होत्या. केस बरेच पिकलेले. शेजारी खात्याचा एक उपअभियंता वाकून बघत होता. घाटातल्या कुठल्यातरी पुलाबद्दल भांडायला त्या आत गेल्या होत्या, त्यांना नेहमीसारखं वाटेला लावलं होतं आणि हा माणूस त्यांच्यामागून पायऱ्या उतरून आला होता, साहेबांची नजर चुकवून; हे सगळं मला नंतर कळलं.

"अहो, घड्याळ इथं लावलंत तर काय कळणार तुम्हाला?" त्या त्याच्यावर ओरडत होत्या. "कागद कसा आणला नाहीत येताना?"

मला बघून त्यांनी मान हलवली, थांबा म्हणून हात केला, आणि पुन्हा त्याच्याकडं वळल्या. माझ्या गाडीची वेळ झाली होती. फाटकापाशी पोचून मी मागं बघितलं. जीपचा ड्रायव्हर हातात किल्ली घेऊन आला होता आणि अवघडून म्हणत होता, "मॅडम, सायबांना निघायचंय." मॅडमनी त्याच्याकडं बघितलं नाही. तळव्यानं बॉनेटवरचं सगळं पुसलं, उरलेल्या धुळीत दुसरीकडं जागा शोधली आणि पहिल्या तुळईपासून पुन्हा काढायला घेतलं.